काय बंद करू, डॉक्टर?

सहा-सात वर्षांचा मुलगा लंगडायला लागतो. हाडांचे डॉक्टर एक्स-रे काढतात, त्यात काही दिसत नाही. मग सांधेदुखीच्या अंगाने रक्ततपासण्या होतात. मुलगा चालायचंच सोडतो, तेव्हा कुणाला तरी रक्ताच्या कर्करोगाची शंका येते आणि एमआरआय होतो, अस्थिमज्जाही तपासली जाते. हिरड्या सुजल्यात, ब्रश लावला की रक्त येतं, हे एवढ्या धावपळीत कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी एखादा डॉक्टर विचारतो, "हा खातो काय?" आणि आई सांगते की दोन वर्षं झाली, ठरावीक बिस्किटं, कोरडा भात आणि वेफर्स, याशिवाय तोंडात काही घेत नाही. रक्तातलं व्हिटॅमिन सी मोजतात तर ते जवळजवळ शून्य. निदान होतं स्कर्व्ही. शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांना व्हायचा तो रोग.

अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून आल्या आहेत आणि त्यातली बरीचशी मुलं ऑटिझम असलेली आहेत. घरात पैसा नाही, फळं नाहीत अशातला हा प्रकार नाही. फळं टेबलावर असतात, मूल त्यांना हात लावत नाही. बरं होणंही तितकंच साधं असतं. व्हिटॅमिन सी सुरू केलं की काही दिवसांत दुखणं कमी होतं, काही आठवड्यांत मूल पुन्हा चालायला लागतं.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. ऑटिझमचं निदान झालं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत पालक डॉक्टरांना हमखास विचारतात, "काय बंद करू?" गहू बंद करू का, दूध बंद करू का, साखर, मैदा, रंग? 'काय खात नाही आणि ते कसं सुरू करू' हा प्रश्न क्वचित येतो. ऑटिझम आणि आहार या विषयावरची पन्नासएक वर्षांची धडपड पाहिली की वाटतं, आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. मुलाचं ताट आधीच छोटं असतं आणि आपण त्यातलं आणखी काढायला निघतो.

लिओ कॅनरने 1943 साली ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यातल्या 11 मुलांपैकी अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी तान्हेपणापासूनच्या होत्या, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्याकडे 'हट्ट' म्हणून पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये मोठ्या संख्येने मुलांची तुलना केली. खाण्याच्या वेगळ्या सवयी ऑटिझम असलेल्या सुमारे 70 टक्के मुलांत दिसल्या, कोणताही विकार नसलेल्या मुलांत 5 टक्क्यांहूनही कमी. सवयी कोणत्या? मोजकेच पदार्थ खाणं, विशिष्ट पोत सहन न होणं, एकाच ब्रँडचा पदार्थ खाणं, घास गालात धरून ठेवणं, माती-खडू-चुन्याचा पोपडा असं अखाद्य खाणं.

आपल्या घरांत हे कसं दिसतं ते प्रत्येक आई सांगेल. वरणभात चालतो, पण फोडणीतली मोहरी दिसली की ताट ढकललं. पोळीवर तव्याचा काळा डाग नको. दही चालेल, पण त्यात गुठळी नको. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन बदललं म्हणून आठवडाभर बिस्किट बंद. आजी म्हणते, आमच्या वेळी असली नाटकं नव्हती, दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. इतर मुलांच्या बाबतीत आजीचं म्हणणं बऱ्याचदा खरं ठरतं. या मुलांतली काही मात्र खरोखरच उपाशी राहतात. त्यांना भेंडीचा बुळबुळीतपणा नुसता नावडत नसतो, तो जिभेवर सहन होत नसतो. हे एकदा घरातल्या सगळ्यांना पटलं की अर्धं भांडण मिटतं.

गहू आणि दूध बंद करण्याची कल्पना आली कुठून? 1979 मध्ये याक पँकसेप या मेंदू-संशोधकाने एक तर्क मांडला की ऑटिझममध्ये मेंदूतली अफूसारखी काम करणारी रसायनं प्रमाणाबाहेर असावीत. नॉर्वेतले कार्ल रायखेल्ट आणि इंग्लंडमधले पॉल शॅटॉक यांनी तो अन्नापर्यंत नेला. गव्हातल्या ग्लूटेनचे आणि दुधातल्या केसिनचे काही तुकडे नीट पचत नाहीत, ते आतड्यातून झिरपून रक्तात येतात, मेंदूत पोचतात आणि अफूसारखा परिणाम करतात, असा तो सिद्धान्त. ऐकायला पटणारा आहे. मूल स्वतःतच हरवलेलं दिसतं, दुखलं तरी रडत नाही, दूध-बिस्किटाशिवाय राहत नाही, सगळं जुळतं. त्यातूनच 'जीएफसीएफ', म्हणजे ग्लूटेन नाही, केसिन नाही, असा आहार जगभर पसरला.

मग तपासण्या झाल्या. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाने 2008 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीत हे अफूसदृश तुकडे शोधले, ते सापडले नाहीत. नॉर्वेतल्या 2002 च्या अभ्यासात 20 मुलांपैकी आहार बदललेल्यांत सुधारणा दिसली होती, पण कोणत्या मुलाचा आहार बदललाय हे पालकांना माहीत होतं. अमेरिकेत रॉचेस्टरला झालेला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जास्त काटेकोर होता. 14 मुलांना आधी काही आठवडे हा आहार दिला आणि मग खाऊतून कधी ग्लूटेन, कधी केसिन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असं दिलं. कोणत्या दिवशी काय दिलं हे पालकांना, शिक्षकांना, तपासणाऱ्यांना, कुणालाच ठाऊक नव्हतं. वागण्यात, झोपेत, पोटाच्या तक्रारींत काही फरक पडला नाही. चाचणी छोटी होती हे मान्य, पण तिचा कल स्पष्ट आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ सांगितलं की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य आहार देऊ नयेत.

तरीही 'आमचा मुलगा सुधारला' म्हणणारे पालक खोटं बोलत नसतात. काही मुलांना सीलिअॅक म्हणजे गव्हाचा खरा विकार असतो, काहींना दुधाची अॅलर्जी असते, काहींना दुधातली साखर पचत नाही. ज्याला 'पोट दुखतंय' हे सांगता येत नाही ते मूल स्वतःला चावतं, डोकं आपटतं, रात्रभर जागतं. दुखणं थांबलं की ते शांत होतं, आणि त्याचं श्रेय ऑटिझमवरच्या आहाराला मिळतं. म्हणून शंका असेल तर तपासणी करावी, पण क्रम सांभाळून. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करायची असते. आधी तीन-चार महिने गहू बंद केला आणि मग रक्त दिलं तर विकार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. मग खरं कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. बरीच घरं इथे फसतात.

महाराष्ट्रात गहू सोडणं त्यामानाने सोपं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत, सोलापूरकडच्या घराला तर काही सोडल्यासारखंही वाटणार नाही. (सीलिअॅक असेल तर मात्र हिंगाचा डबा उलटून वाचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं.) खरी अडचण दुधाची. एक हिशेब मांडून पाहा. एक पाच वर्षांची मुलगी सहाच गोष्टी खाते: दूध, दही-भात, पोळी, एक प्रकारचं बिस्किट, साधा भात आणि केळं. गहू-दूध बंद केलं की तिच्याकडे उरतो साधा भात आणि केळं. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार या वयाला रोज 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दुधातून त्यातलं बरंचसं मिळत होतं. भात-केळ्यातून नावापुरतं मिळेल. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं हे खरं, पण ते मुलीने नाचणी खाल्ली तर.

याचा परिणाम हाडांवर दिसतो. अमेरिकेत 2008 मध्ये 4 ते 8 वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलग्यांच्या हाताच्या एक्स-रेंची मापं घेतली, तेव्हा त्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी निघाली. दूध बंद असलेल्या मुलांत ही तूट आणखी मोठी होती. ज्यांना दूध खरोखर सोसत नाही त्यांचं बंद करावंच, पण आहारतज्ज्ञाकडून कॅल्शियमची पर्यायी सोय आधी लावून. 'बघू, महिनाभर करून' हा प्रयोग स्वयंपाकघरात वाटतो तितका बिनधोक नाही.

आता बाटल्यांकडे वळू. सप्लिमेंटच्या इतिहासात सेक्रेटिनची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. हे पचनाचं एक संप्रेरक. पोटाच्या एका तपासणीत ते टोचतात. 1998 मध्ये तीन मुलांचा अहवाल छापून आला की या तपासणीनंतर ती बोलू लागली, नजरेला नजर देऊ लागली. बातमी टीव्हीवर गेली आणि हजारो पालकांनी सेक्रेटिनसाठी रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर नीट चाचणी झाली, निम्म्यांना सेक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि ती सारखीच होती. निकाल सांगितल्यावरही 69 टक्के पालक म्हणाले, आम्हाला सेक्रेटिनमध्ये अजून रस आहे. यावर हसू नये. मूल वाढत असतं, थेरपी चालू असते, चांगले-वाईट आठवडे येत-जात असतात. त्यातच नवीन औषध सुरू झालं की चांगल्या आठवड्याचं श्रेय त्याला जातं. आशेने पाहणाऱ्या कोणत्याही डोळ्यांना असंच दिसतं.

व्हिटॅमिन बी-6 आणि मॅग्नेशियमचा पुरस्कार बर्नार्ड रिमलंड यांनी केला. हा मनुष्य साधा नव्हता. मुलगा ऑटिझम असलेला, स्वतः मानसशास्त्रज्ञ. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो हा त्या काळचा क्रूर समज त्यांनी 1964 च्या पुस्तकात मोडून काढला, त्याबद्दल जगभरच्या आयांनी त्यांचे आभार मानावेत. पण जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसांबाबत त्यांचा विश्वास पुराव्यापुढे धावला. बी-6 चा उपयोग चाचण्यांतून सिद्ध झाला नाही, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्याने हातापायांच्या नसांना इजा होते. ओमेगा-3 चं त्यामानाने बरं, त्रास फारसा नाही, पण ऑटिझमवर ठोस फायदाही दिसलेला नाही. घरात मासे खात असतील आणि मुलाला बांगडा-तारली आवडत असेल तर छानच.

फॉलिनिक अॅसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन, सध्या चर्चेत आहे. 48 मुलांच्या एका चाचणीत बोलण्यात सुधारणा दिसली, विशेषतः ज्यांच्या रक्तात फोलेट मेंदूपर्यंत पोचू न देणारी प्रतिपिंडं होती त्यांच्यात. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकी सरकारने त्याची जाहीर भलामण केली आणि आपल्याकडेही फोन खणखणू लागले. चाचण्या अजून छोट्या आहेत. शिवाय हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायचं औषध आहे. दुकानातली फॉलिक अॅसिडची गोळी म्हणजे ते नव्हे.

उंटिणीच्या दुधाची पावडर हे आपल्याकडचं खास प्रकरण. राजस्थानातून येते, महाग असते, आणि व्हॉट्सअॅपवर 'केसिन बंद करा' सांगणाराच पुढच्या संदेशात तिची जाहिरात करतो. उंटिणीच्या दुधात केसिन असतंच. त्यात नसतं ते गाईच्या दुधातलं दुसरं एक प्रथिन. ऑटिझमवर तिच्या गुणाचा भरवशाचा पुरावा नाही. लंडनमधल्या एका चार वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलाची हकिकत 2016 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. उलट्या, सतत तहान, वजनात घट. रक्तात कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेलं होतं. बऱ्याच चौकशीनंतर कळलं की एका निसर्गोपचारकाच्या सल्ल्याने त्याला डझनभर पूरकं चालू होती. त्यात व्हिटॅमिन डी होतं, कॅल्शियम होतं, उंटिणीचं दूधही होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं तेव्हा पालकांनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती औषधं नव्हतीच. आपल्याकडे 60 हजार युनिटचं व्हिटॅमिन डीचं सॅशे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांसाठीच असतं. ते रोज घेतलं गेल्याने किंवा वर्षभर चालू राहिल्याने असाच घोळ होतो.

अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलांच्या आहाराची पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलं पूरकं घेत होती. गंमत अशी की व्हिटॅमिन ए, फॉलिक अॅसिड, झिंक यांचा अतिरेक होत होता, आणि ज्यांची कमतरता होती त्या कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीची तूट बऱ्याच मुलांत तशीच राहिली होती. मल्टिव्हिटॅमिनची बाटली मुलाचं ताट पाहून बनवलेली नसते. आपल्याकडे अशा पूरकांच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणं एफएसएसएआयने बंधनकारक केलं आहे. ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. विक्रेता तोंडाने सांगतो त्याच्या बरोबर उलटं तिथे लिहिलेलं असतं.

शरीरातला पारा बाहेर काढतो म्हणून दिलं जाणारं चिलेशन आणि 'मिरॅकल मिनरल' नावाचं क्लोरिन डायॉक्साइड यांच्याबद्दल दोनच वाक्यं. चिलेशन देताना 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा मुलगा दगावला. दुसरी वस्तू म्हणजे ब्लीच आहे.

मग उपयोगाचं काय? ज्याची कमतरता मोजून सापडली ते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासावं. लोह कमी असलेली मुलं रात्री पाय झाडत, कूस बदलत झोपतात, लोह दिल्यावर झोप सुधारल्याचं दिसलं आहे. माती, चुना खाणाऱ्या मुलाचं लोह आणि शिसं दोन्ही पाहावं. झोपेची वेळ, अंधार, स्क्रीन हे सगळं सावरूनही मूल झोपत नसेल तर मेलाटोनिनला चांगला आधार आहे, मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

आणि बद्धकोष्ठ. याबद्दल कुणी उत्साहाने बोलत नाही, पण खरा फरक बऱ्याचदा इथेच पडतो. पोटाच्या तक्रारी या मुलांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतात. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी 2021 मध्ये 247 मुलांच्या विष्ठेतले जंतू तपासून असं दाखवलं की आतड्यातल्या जंतूंमधला फरक मुख्यतः मोजक्याच खाण्यामुळे येतो, जंतूंमुळे ऑटिझम येत नाही. 'प्रोबायोटिकने मेंदू सुधारतो' म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास पाहावा. एक लक्षण मात्र नीट ओळखा. चड्डीला सारखी पातळ शी लागते म्हणून जुलाब समजून औषध दिलं जातं, आणि प्रत्यक्षात आत कडक मळाचा गोळा अडकलेला असतो, त्याच्या कडेने पातळ पाझरत असतं. अशा मुलाला जुलाब थांबवायचं औषध देणं म्हणजे त्रासात भर. त्याला पोट मोकळं करणारं औषध काही महिने सातत्याने लागतं.

रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्राझोल हे वागण्यावरचं औषध चालू असेल तर भूक वाढते. अमेरिकेतल्या एका चाचणीत आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी 2.7 किलोंनी वाढलं, न घेणाऱ्यांचं 0.8 किलो. मोठ्या वयाच्या, घरातच राहणाऱ्या ऑटिझम असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी जड होतो. औषध सुरू होतानाच वजन लिहून ठेवावं आणि शीतपेयं घरात आणणं थांबवावं. ती सगळ्यांसाठीच थांबवावी, एकट्यासाठी नव्हे.

ताट वाढवायचं कसं? जे खातो तिथून, एका वेळी एकच बदल करत. तांदळाचं पांढरं घावन आवडतं असं समजू. त्याच पिठात अर्धा चमचा नाचणीचं पीठ घाला, रंग किंचित बदलेल. ते आठ-दहा दिवस टिकलं की एक चमचा. मग घावनाशेजारी, त्याला न चिकटता, ओल्या खोबऱ्याची चटणी वेगळ्या वाटीत. ती खायची नाही, नुसती तिथे असू द्यायची. पुढे वास, मग बोट, मग जिभेचं टोक. एखादा पदार्थ स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागणं साधं आहे, या मुलांत त्याहून जास्त वेळा लागेल. आणि फसवू नका. दुधात गुपचूप औषध किंवा भातात लपवलेला पालक एकदा पकडला गेला, तर पालक तर जातोच, भातही जातो. सहा पदार्थ खाणाऱ्या मुलाचा एक पदार्थ गमावणं फार महाग पडतं. दिवसभर हातात बिस्किट असेल तर जेवणाला भूक उरत नाही, तेवढं मात्र बंद करा. गिळताना ठसका लागत असेल, वजन घटत असेल किंवा दहापेक्षा कमी पदार्थ उरले असतील तर घरचे प्रयोग थांबवून ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ दोघांना गाठा.

पुढच्या भेटीला जाण्याआधी एक काम करा. सात दिवस मूल जे जे खातं-पितं ते अंदाजे प्रमाणासह वहीत लिहा, शी कधी आणि कशी झाली तेही लिहा. घरातल्या सगळ्या बाटल्या, पावडरी, चूर्णं, सॅशे एका पिशवीत भरून बरोबर न्या, आयुर्वेदिक असली तरी, शेजारणीने दिलेली असली तरी. आणि वहीतल्या पदार्थांत दूध-पोळी असेल, तर ती भेट होईपर्यंत ताटातच राहू द्या.